अंबुजाक्कांचा न छापलेला हत्ती

अंबुजाक्का शाळेत यायच्या त्या गुरुवारी मी सकाळीच एक चिठ्ठी आमच्या शिपायाच्या, मुनियप्पाच्या हातात देत असे. ठेंगणं स्टूल. दोन्ही खिडक्या उघड्या. पाण्याचा तांब्या, कॉफी नको. हार नको, भाषण नको. मुलं बाकांवर, सतरंजीवर नाही, आणि चपला वर्गाबाहेर. यातलं बाकांचं मुनियप्पाला कधीच पटलं नाही. "मुलं उंचावर आणि मोठ्या बाई ठेंगण्या स्टुलावर. बरं दिसतं का?" असं तो दर वेळी कन्नडमध्ये विचारायचा आणि दर वेळी स्टूल आणून ठेवायचा.

पण अक्कांना मुलांचे पाय दिसायला हवे असत.

त्या लहान मुलांसाठी पुस्तकं लिहायच्या. माझी ओळख झाली तेव्हा त्यांची सात पुस्तकं निघाली होती, सगळी पुण्याच्या एका प्रकाशकाकडून. बंगळूरात राहून मराठीत लिहिणारी बाई याचं पुण्याला फार नवल. आमच्या चामराजपेटेला मुळीच नव्हतं. अक्कांचं घराणं तीनशे वर्षं या मुलखात होतं. देवाशी आणि मुलांशी मराठी, भाजीवाल्याशी कन्नड, आणि रागावल्यावर दोन्ही. मी साताऱ्याची. यजमानांना विमानाच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून पन्नासचं दशक संपता संपता इथे आले आणि चामराजपेटेतल्या मराठी शाळेत मला चौथीचा वर्ग मिळाला. पुस्तकांचं कपाट माझ्याकडे, म्हणून अक्काही माझ्याकडे.

नवी गोष्ट लिहून झाली की ती छापायला पाठवण्याआधी त्या आमच्या चौथीला वाचून दाखवायच्या. वाचताना नजर कागदावरून उठायची ती थेट बाकांखाली जायची आणि पुन्हा कागदावर यायची. मुलांचे पाय स्थिर असले की गोष्ट चालली आहे. एखादा पाय झुलायला लागला की अक्का न थांबता समासात पेन्सिलीची बारीक रेघ ओढायच्या. मी वर्गाच्या मागे उभी राहून किती जोड्या हलल्या ते मोजायचं, हे माझं काम. घरी जाऊन अक्का रेघा बघायच्या आणि रेघ असलेलं वाक्य उडवायच्या. कितीही आवडतं असलं तरी. एकदा त्यांनी तळ्याचं अख्खं पानभर वर्णन असं उडवलं. मी हळहळले तर म्हणाल्या, "नऊ जोड्या हलल्या म्हणून तूच लिहिलंस की गं. आता रडतेस कशाला?"

"चेहऱ्यांकडे का नाही बघत?" मी विचारलं होतं.

"तोंडं खोटं बोलतात. बाई रागावतील म्हणून हसतात, पाहुणी आली म्हणून हसतात. पायांना कोण शिकवलंय?"

मला हे फार पटलं. मोजता येणारी गोष्ट मला नेहमीच पटते.

भावाच्या घरामागच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. वय पंचावन्नच्या आसपास. बुटक्या, सावळ्या, नऊवारी घट्ट नेसलेल्या, पदर खोचलेला. पहाटे उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायच्या, कॉफीचा पेला डाव्या हाताला, मांडीवर पाट, पाटावर कागद. ऊन चुलीपर्यंत पोचलं की लिहिणं बंद. वाक्य अर्धं असलं तरी बंद. मग दिवसभर ते अर्धं वाक्य घेऊन भाजी निवडायच्या, पाणी भरायच्या, आणि भेटेल त्याला विचारायच्या, "गाढवाला कोट शिवायचा तर बाह्या किती लागतील?" कोपऱ्यावरच्या शिंप्यानं एकदा खरंच माप घेतल्यासारखा विचार करून "चार, पण मागच्या दोन जरा आखूड" असं सांगितलं. ते वाक्य जसंच्या तसं पुस्तकात आलं.

मी आल्या आल्या त्यांच्या एका वहीत 'स्वल्प' या शब्दाला गोल करून वर 'जरा' लिहिलं. साताऱ्याचा ताठा. अक्का म्हणाल्या, "सरी, बरं, गुरुवारी बघू." गुरुवारी एकदा 'जरा थांब' वाचलं, एकदा 'स्वल्प थांब'. मुलांना दोन्हीत काहीच फरक वाटला नाही, एकही पाय हलला नाही. "बघितलंस?" अक्का मला नंतर म्हणाल्या, "त्यांना घाई नाही. तुलाच आहे." त्यानंतर मी त्यांच्या वहीला हात लावला नाही.

इतर शाळांतही त्यांना बोलावणी यायची. बरोबर मी जायची, कारण बसची वेळ, शाळेचा पत्ता आणि परतायची बस या तिन्ही गोष्टी अक्कांच्या डोक्यात एका वेळी राहत नसत. बसवनगुडीच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी आधी स्वतः भाषण केलं. देश, शिस्त, आईवडील, पुन्हा देश. उन्हात पटांगणावर दोनशे मुलं. अक्का खुर्चीत शांत बसून त्यांच्या पायांकडे बघत होत्या. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, "आता आपल्या लेखिकाबाई मुलांना संदेश देतील."

अक्का उठल्या. "ज्यांना लघवीला जायचंय त्यांनी आधी जाऊन या."

निम्मं पटांगण उठलं. मुख्याध्यापक हसावं की रागवावं या विचारात राहिले, तेवढ्यात अक्का खुर्ची सोडून पायरीवर जाऊन बसल्याही होत्या.

सरसू माझ्याच वर्गात होती. आठ-नऊ वर्षांची, तेल चोपडून घट्ट वेण्या घातलेली, दुसऱ्या बाकावर कडेला. आई देवळाच्या गल्लीत मोगऱ्याचे गजरे बांधून विकायची. वडील दोन वर्षांपूर्वी मुंबईला कामासाठी गेले आणि त्यांचं एकही पत्र आलं नव्हतं. हे मला प्रवेशाच्या कागदांवरून माहीत होतं, गल्लीला गल्लीच्या पद्धतीनं माहीत होतं. सरसूचं म्हणणं वेगळं होतं. तिचे अप्पा बोटीवर होते. बोटीवर एक हत्ती होता. समुद्र खवळला की हत्तीला मळमळायचं, मग अप्पा त्याला लिंबू हुंगायला द्यायचे. एक लिंबू पुरत नाही म्हणून टोपलीभर. तो हत्ती घेऊन अप्पा एक दिवस म्हैसूर रस्त्यानं चामराजपेटेत येणार होते.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात हे ती मैत्रिणींना सांगत असताना अक्का माझी वाट पाहत तिथे उभ्या होत्या. मी आले तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. "ऐकलंस? टोपलीभर लिंबं! असलं मला सात जन्मांत सुचायचं नाही." बसथांब्यापर्यंत त्या लिंबांबद्दलच बोलत होत्या.

तीन आठवड्यांत गोष्ट तयार झाली, 'बोटीवरचा हत्ती'. गोष्टीतली मुलगी रंगी. रंगीचे वडील हत्ती आणणार म्हणून सगळी गल्ली तयारीला लागते, कुणी ऊस आणतं, कुणी ढोल, शिंपी झूल शिवतो. ठरल्या दिवशी वडील येतात आणि ट्रंकेतून काढतात एक वीतभर लाकडी हत्ती. गल्ली पोट धरून हसते, रंगीसुद्धा हसते, आणि उसाच्या कांड्या वाटून खातात. अक्कांनी ती आधी पुण्याला पाठवून दिली. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. पण प्रकाशकांनी या वेळी पहिल्यांदाच रंगीत चित्रांचं पुस्तक काढायचं कबूल केलं होतं, चित्रकाराला वेळ हवा होता, आणि आधीचं पुस्तक निघून चार वर्षं झाली होती. "रेघा पडल्या तर मागून कळवीन," त्या म्हणाल्या.

गुरुवारी वाचलं. मी तो वर्ग कधी विसरणार नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकही पाय हलला नाही. हत्तीला मळमळतं तिथे मुलं हसली, आणि हसता हसता वळून सरसूकडे बघू लागली. ट्रंक उघडली तेव्हा कुणीतरी ओरडलं, "सरसूचा हत्ती! एवढासा!" आणि वर्गात हशा पिकला. सरसूचे पाय एकमेकांना घट्ट चिकटून होते. स्थिर. अक्कांनी तेवढंच पाहिलं. मी मागच्या कोपऱ्यातून तिचा चेहरा बाजूनं पाहिला. तो हळूहळू पांढरा पडत गेला. आणि मी वहीत लिहिलं, 'हललेल्या जोड्या: शून्य'.

शुक्रवारी सरसू गैरहजर. मला वाटलं ताप असेल. शनिवार, सोमवार, मंगळवार. मंगळवारी वर्गात कुणीतरी हजेरीच्या वेळी तिच्या नावाला "हत्ती गैरहजर" म्हणालं आणि मला सगळं कळलं. खरं तर ते मला गुरुवारीच कळलं होतं.

संध्याकाळी मी अक्कांकडे गेले. सांगायला सोपं जावं म्हणून घटना क्रमानं सांगितल्या.  संपल्यावर अक्का म्हणाल्या, "मी वाचत होते तेव्हा तिचा चेहरा कसा होता?"

"पांढरा."

"तू पाहिलास?"

"हो."

"आणि मला थांबवलं नाहीस?"

"तुम्हाला वाचताना कुणी थांबवत नाही, अक्का."

 त्यांनी उठून पायांत वहाणा घातल्या. "चल, घर दाखव."

सरसूचं घर म्हणजे एक खोली. जमिनीवर ओल्या फडक्यात कळ्यांचा ढीग, त्यामागे सरसू केळीच्या सोपाच्या दोऱ्यानं गजरा बांधत बसलेली. आम्हाला बघून तिनं मान आणखी खाली घातली. आई गोंधळली. "बघा की अक्का, चार दिवस झाले. विचारलं तर 'शाळा बेड' म्हणते. नको, नको, दुसरं काही नाही."

अक्का खाली बसल्या. एक सोप उचललं आणि कळ्या बांधायला लागल्या. त्यांना येत नव्हतं. दोन कळ्या धरल्या की तिसरी निसटायची. सरसूनं बराच वेळ ते बघितलं, मग त्यांच्या हातातून काढून घेतलं, सगळं सोडवलं आणि नीट बांधायला घेतलं.

"अक्का," ती खाली बघतच म्हणाली, "गाढव कोट घालतं का?"

"नाही."

"तुम्ही पुस्तकात लिहिलंत."

"लिहिलं."

"मग तुम्हाला कुणी 'गाढव, गाढव' म्हणत नाही ते?"

आईनं "अय्यो, सरसू!" म्हणून तोंडाला पदर लावला.

"म्हणायला हवं होतं," अक्का म्हणाल्या. "सरसू, तुझी गोष्ट मी न विचारता घेतली. माझं चुकलं."

सरसूनं मान वर केली. "गोष्ट नाही ती."

 आई भिंतीकडे तोंड करून फडक्यावर पाणी शिंपडत राहिली, ते ओलं असताना.

"सरी," अक्का शेवटी म्हणाल्या. "गोष्ट नाही."

तिथून निघाल्यावर मला वाटलं घरी जाऊ. अक्का मार्केटच्या दिशेला वळल्या. पोस्टात जाऊन त्यांनी पुण्याला तार केली, 'हत्तीची गोष्ट छापू नका'. पुढच्या आठवड्यात प्रकाशकांचं पत्र आलं. अक्कांनी ते मला वाचायला दिलं. माणूस वाईट नव्हता. लिहिलं होतं की हत्तीची चित्रं तयार आहेत, मुखपृष्ठावरही हत्तीच आहे, ही गोष्ट नसेल तर या वर्षी पुस्तक निघणार नाही आणि पुढच्या वर्षाचं मी आज सांगू शकत नाही; काही अडचण असेल तर मुलीचं नाव बदलू.

"नाव तर आधीच वेगळं आहे," अक्का म्हणाल्या.

मी व्यवहार बघणारी. मी म्हटलं, "अक्का, ही तुमची सगळ्यात चांगली गोष्ट आहे. सरसूची माफी मागितलीत, पुरे झालं. पुण्यातल्या मुलांना सरसू कोण हे काय ठाऊक?"

"सरसूला ठाऊक आहे की."

"ती लहान आहे. विसरेल."

"मालू," त्या म्हणाल्या, "मी तीस वर्षं लहान मुलांसाठी लिहितेय. ती विसरतात असं मला वाटलं असतं तर लिहिलं असतं का?"

 त्यांनी नकाराचं पत्र लिहिलं आणि पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं. पेटीपाशी मी थोडा वेळ थांबले हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

पुढच्या गुरुवारी त्या वर्गात आल्या त्या रिकाम्या हातांनी. स्टुलावर बसल्या नाहीत. सरसूची जागा मोकळी होती.

"मागच्या वेळी मी एक गोष्ट वाचली. ती माझी नव्हती. न विचारता उचलली होती. आज परत करायला आले."

"कुणाची होती?" पहिल्या बाकावरच्या चंद्रीनं विचारलं. माहीत असून विचारणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात.

"ते सांगणार नाही."

"मग हत्तीचं काय झालं?"

"हत्ती ज्यांचा त्यांच्याकडे आहे. लाकडी नाही. तेवढं मी चुकीचं लिहिलं होतं."

"मग केवढा आहे?"

"मला काय ठाऊक? मी पाहिला नाही. तुम्हीही पाहिला नाही. ज्यानं पाहिला नाही त्यानं हसू नये." एवढं बोलून त्या निघून गेल्या. सगळी मिळून पाच मिनिटंही झाली नसतील. ठरलेला तास रिकामा राहिला म्हणून मी गणित घेतलं.

सोमवारी सरसू आली. उशिरा, पण आली. मी हजेरीत खूण केली आणि मान वर न करता "बस" म्हटलं. 'हत्ती' हे नाव दिवाळीपर्यंत टिकलं, मग दुसऱ्या कुणाला दुसरं नाव पडलं आणि ते मागे पडलं. तिचं गणित सुधारलं, अक्षर सुधारलं. माझ्या हिशेबानं प्रश्न सुटला होता.

अक्कांच्या हिशेबानं नव्हता. कारण सरसूनं बोटीचं नाव पुन्हा काढलं नाही. मधल्या सुट्टीत ती डबा खायची, हात धुवायची आणि बाकावर जाऊन बसायची. मैत्रिणी विचारायच्या, "अप्पांचं काही?" तर "काही नाही" म्हणायची. अक्का शाळेत आल्या की मला पहिला प्रश्न, "बोलते का?" मी म्हणायची, "हो, उत्तरं बरोबर देते."  एकदाच त्या म्हणाल्या, "तिच्याकडे एक बोट होती गं. ती मी बुडवली आणि वर रंगीत चित्रं काढायला निघाले होते."

त्यांचं वाचनही बदललं. एक वाक्य वाचायचं आणि मुलांची तोंडं बघायची, मग पुढचं वाक्य शोधायचं. ओळ हरवायची. मुलं चुळबुळायची. मी मोजणं सोडून दिलं, कारण आकडे बघण्यासारखे राहिले नव्हते आणि त्यांना ते नकोही होते. आठवं पुस्तक दोन वर्षांनी निघालं, पातळ, पूर्वीसारखंच बिनरंगी. पुण्याच्या एका मासिकात आलं की लेखिकेचा पूर्वीचा नेटकेपणा यात नाही. अक्कांनी ते कात्रण मला फाइलला लावायला दिलं. "खरंच लिहिलंय," म्हणाल्या. मला मात्र त्या पुस्तकातली माणसं आधीच्या सातांपेक्षा जास्त आठवतात. ते का, हे मला नीट सांगता येत नाही.

मग यजमानांची नाशिककडच्या नव्या कारखान्यात बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी कपाटाच्या किल्ल्या आणि पुस्तकांची यादी द्यायला शाळेत गेले. सरसू तेव्हा सहावीत होती. मधली सुट्टी चालू होती. अक्कांचा निरोप मी सकाळीच घरी जाऊन घेतला होता, डोळ्यांतून पाणी न काढता, दोघींनीही. त्यामुळे त्या शाळेत असतील असं वाटलं नव्हतं. व्हरांड्याच्या टोकाच्या पायरीवर त्या बसल्या होत्या. शेजारी सरसू, अर्धा खाल्लेला डबा मांडीवर.

मी खांबाशी थांबले. सरसूचा आवाज आधी कळला नाही, इतक्या दिवसांत तो असा ऐकला नव्हता.

"...आणि आता माकड पण घेतलंय अप्पांनी. बोटीवर."

 अक्कांचे दोन्ही हात मांडीत होते. त्या तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, अगदी थेट, पापणी न हलवता.

"ते शिडाच्या दोरीवर झोपतं," सरसू म्हणाली आणि थांबली. ती वाट बघत होती. अक्का हसतात का, कुठे काही टिपून घेतात का, हे ती बघत होती, इतकं मला लांबूनही दिसलं.

"रात्री पडत नाही?" अक्कांनी विचारलं. शेजारणीच्या मुलाची चौकशी करावी तसं.

"एकदा पडलं."

"अय्यो. लागलं?"

"स्वल्प," सरसू म्हणाली. तिनं डब्यातला एक घास उचलला, खाल्ला, आणि पुढे सांगायला लागली.

किल्ल्या माझ्या हातात होत्या. मी वळसा घालून मागच्या दारानं कार्यालयात गेले.